स्विचपारखी

सात-आठ संगणकांच्या कचेरीत एक स्विचपारखी हमखास सापडतो. हुद्द्याने तो हिशेबनीस किंवा ड्राफ्ट्समन असतो, कधी साहेबांचा मेहुणाही. पण 'त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं' अशी ख्याती झाली की नेटवर्क त्याच्या गळ्यात पडतं आणि ते त्याला मनातून आवडतंही. साहेब एवढंच म्हणतात, स्वस्त आणि टिकाऊ स्विच आणा. मग हा खोकी वाचू लागतो. आठ पोर्टांच्या गिगाबिट स्विचवर '16 जीबीपीएस' छापलेलं असतं. आठ पोर्ट, प्रत्येकाची येण्याची एक वाट आणि जाण्याची एक, झाले सोळा; हा आकडा सगळ्याच कंपन्यांचा सारखा येणार. तरी हा पत्रिकेतले गुण जुळवावेत तसा चार खोकी समोर मांडून बसतो.

माझं म्हणणं, तो शोधतो ते भलत्याच ठिकाणी. साधा, बिनपंख्याचा अनमॅनेज्ड स्विच मुळात फारसा बिघडतच नाही. आत हलणारा भागच नसतो. बहुधा मरतो तो त्याचा अडॅप्टर. नाहीतर वीज येता-जाता झटका बसतो, किंवा फायलींच्या ढिगाखाली बिचारा भाजून निघतो. वायरीची तऱ्हा याहून वाईट. 100 एमबीपीएसला केबलमधल्या चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एखादी सैल असली की स्विच बरेचदा गुपचूप 100 वर उतरतो आणि बदनाम होतो. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल मात्र याच पारख्याने 'मीटरमागे केवढे वाचले!' म्हणत आणलेली असते. लॅमिंग्टन रोडवर तासभर घासाघीस करून स्विचचे पन्नास रुपये सोडवायचे आणि तो लावायचा कुठे, तर यूपीएस सोडून देवाच्या फोटोवरच्या माळेशेजारी, एक्स्टेंशन बोर्डात!

'मग लोक मॅनेज्ड स्विच काय उगाच घेतात?' हा त्याचा सवाल बिनतोड आहे. केर काढताना संगणकातून निघालेलं वायरीचं टोक कुणी उलट त्याच स्विचमध्ये खोचलं, तर साधा स्विच तेच ते संदेश गरगरा फिरवून अख्खी कचेरी बंद पाडतो. हा फेरा तोडण्याची रीत रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये काढली आणि मॅनेज्ड स्विचमध्ये ती असते. पाहुण्यांचं वायफाय हिशेबापासून वेगळं ठेवायचं, तरी साधा स्विच अपुराच. पण तेवढ्यासाठी चार पैसे जास्त टाकून छोटा 'स्मार्ट' स्विच मिळतो. पारखी मात्र उचलून आणतो मोठ्या कंपनीने मोडीत काढलेलं 48 पोर्टांचं धूड. भक्कम खरं, स्वस्तही. फक्त त्याचे पंखे बंद सर्व्हर रूमसाठी घडवलेले, त्यामुळे गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायला जिन्यात जावं लागतं. आणि पाहुणे? ते अजून हिशेबाच्याच नेटवर्कवर, कारण सगळे पोर्ट कारखान्यातून आले तसेच एकाच गटात, व्हीलॅन 1 मध्ये.

फुकट राबणाऱ्याला नावं का ठेवता, असं कुणी म्हणेल. ठेवत नाही, कुठली वायर कुठे जाते हे कचेरीत त्या एकट्यालाच ठाऊक असतं. म्हणून त्याच्याकडून वायरींना लेबलं तेवढी लावून घ्यावीत. मात्र तेवढं सांगितलं, की तो आधी लेबल छापणाऱ्या यंत्रांचे भाव काढायला बसतो.