आईला फार्महाऊसवर हलवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

ज्यांच्या आईने पंचाहत्तरी ओलांडली आहे, जिची डोंबिवली-ठाण्याकडची चाळीस वर्षांची बिनलिफ्टची इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि ज्यांनी रायगड जिल्ह्यातले वाडवडिलांचे पडके घर पाडून त्या जागी 'फार्महाऊस' बांधले आहे, अशा सुपुत्र व सुकन्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांची वडिलोपार्जित जमीन नाही त्यांनी इथेच थांबावे. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला आधी शेतकरी असावे लागते, आणि रातोरात शेतकरी कसे व्हावे याचे मार्गदर्शन करणारी मंडळी तालुक्याच्या कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेली असतातच.

प्रथम निर्णय घ्यावा. त्यासाठी सर्व भावंडांची व्हिडिओ कॉलवर बैठक बोलवावी. आईला बोलावू नये. उगाच चर्चा लांबते. 'आईला आता मोकळी हवा मिळायला हवी' हे वाक्य अमेरिकेतल्या भावाला म्हणू द्यावे, कारण तो ते सर्वांत गहिवरून म्हणतो आणि तिला तिथे नेऊन सोडायचे काम त्याच्याकडे नसते. बिल्डरने देऊ केलेले भाडे कोणाच्या खात्यात जमा होणार, हा विषय थोरल्या ताईने काढला तर तिचा आवाज तुटतोय असे सांगावे.

मग निर्णय आईला कळवावा. ती रडली, चिडली, 'मला काय टाकून देताय का' म्हणाली, तर समजावे की सगळे सुरळीत चालले आहे. पण ती लगेच 'बरं' म्हणाली तर सावध राहावे. याचा अर्थ तिने गावच्या धाकट्या जावेशी फोनवर बोलून गाईच्या दुधाचा रतीब, धुण्याभांड्याची बाई आणि गुरुवारच्या भजनातली जागा हे सगळे आधीच ठरवून टाकले आहे.

आता सामान. आधुनिक तज्ज्ञ सांगतात की, वर्षभर न वापरलेली वस्तू टाकून द्यावी. हा नियम आईला एकदा सांगून पाहावा. ती माळ्यावरून एक पातेले काढून तुमच्या हाती देईल. त्याच्या काठावर बारीक ठिपक्यांनी कोरलेले असेल: अमक्याकडून, तमक्याच्या मुंजीप्रीत्यर्थ, दिनांक अमुक. तमका म्हणजे तुम्ही. स्वतःच्या मुंजीचे पातेले भंगारात घालण्याचे धाडस आजवर कोणी केल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा अशी सर्व पातेली, गंज, डबे, पितळी परात, चकलीचा सोऱ्या, पाटा-वरवंटा, अकरा गोधड्या, आणि पिशव्या भरलेली पिशवी टेंपोत चढवावी. फार्महाऊसच्या मॉड्युलर किचनमध्ये चार माणसांच्या भांड्यांची सोय आहे हे तेव्हा बोलू नये. लोणच्याच्या बरण्या टेंपोत न देता आईच्या मांडीवर द्याव्यात. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ पासून चालू आहे आणि त्या रस्त्यावर बरणी व कंबर या दोन्हींची काळजी एकाच माणसाने घेतलेली बरी. आईची कंबर आधीच दुखत असेल तर मात्र दिवा-सावंतवाडी गाडीने माणगावपर्यंत न्यावे. गाडीला गर्दी असते, पण रुळांवर खड्डे नसतात.

घर आईसाठी योग्य आहे का, हे आईला तिथे उतरवण्याआधी तपासावे असा एक विचारप्रवाह आहे. बहुतेक घरांत तो नंतर पोचतो. जुन्या घराचे उंबरे पाडले म्हणजे अडथळे गेले असे आपण धरून चालतो. आर्किटेक्टने मात्र दिवाणखाना दोन पायऱ्या खाली घेतलेला असतो, कारण मासिकात तसे चित्र होते. फरशी अशी गुळगुळीत की तिच्यात आपला चेहरा दिसावा, आणि ओल्या पायांनी ती ओलांडायची तर चेहराच आधी टेकावा. तेव्हा इथे थट्टा क्षणभर बाजूला ठेवून खर्च करा. न्हाणीघरात खरखरीत फरशी, कमोडच्या शेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्के रोवलेले दांडे (टॉवेलचा रॉड म्हणजे दांडा नव्हे, तो माणसासकट निघून येतो), पलंगापासून न्हाणीपर्यंत रात्रभर जळणारा मंद दिवा, इन्व्हर्टरला जोडलेला. आणि पलंग एवढाच उंच की बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला टेकावेत. खुब्याचे हाड मोडले की म्हातारपणाचा सगळा हिशेब बदलतो, आणि ते रात्री न्हाणीच्या वाटेवरही मोडते. पायऱ्यांना रंगीत पट्टी आणि कठडाही लावा. 'लुक जातो' अशी तक्रार आर्किटेक्ट करील. त्याला चहा द्यावा.

औषधांचेही तसेच. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, आणि पहिल्या वादळी पावसाला गावची वीज जी जाते ती तिच्या मर्जीने येते. वापरात असलेले इन्सुलिन ३० अंशांच्या आत असेल तर बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे चालते. मे महिन्यात कोकणात ३० अंश शोधायचे तर माठाच्या आडोशालाच जावे लागते. साठा म्हणून थोडेच न्यावे. १०८ क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि सर्पदंशावरची लस कोणत्या सरकारी दवाखान्यात असते ते आधीच विचारून ठेवावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच लस चालते, त्यामुळे कोण चावले हे ओळखायला त्याच्या मागे धावू नये. विंचवाचे म्हणाल तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन वापरून विंचूदंशाच्या रुग्णांना वाचवले आणि ते संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आईला हे सांगू नये. ती गेली साठ वर्षे चप्पल झटकून घालते. झटकायला तुम्ही शिका.

नोव्हेंबरात एक वेगळेच संकट येते. आईला फॅमिली पेन्शन असेल तर तिला हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशी पूर्ण झालेल्यांना केंद्राने १ ऑक्टोबरपासूनच मुभा दिली आहे. आता फोनमध्ये चेहरा दाखवूनही काम होते. त्यासाठी चेहरा, आधार आणि रेंज या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी याव्या लागतात. चेहरा ओटीवर असतो, आधारकार्ड मुंजीच्या पातेल्यात आणि रेंज विहिरीपलीकडच्या कातळावर. आईला कातळावर उभी करून तुम्ही 'डोळे मिचकाव' म्हणून ओरडत असताना शेजारची काकू कुंपणापलीकडून विचारते, 'काय करताय हो?' आई शांतपणे सांगते, 'मी जिवंत आहे का ते बघतोय.'

यानंतर आईचे मन रमवण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा, असे सर्व पुस्तके सांगतात. सुडोकू, योगासनांचे व्हिडिओ, पक्षी ओळखण्याचे पुस्तक अशी सामग्री न्यावी. ती परत आणायला सोपी जाते. पहिल्या पावसाळ्यानंतर तुम्ही जाल तेव्हा लॉन असलेल्या जागी वाल उगवलेला दिसेल. 'गवताला रोज पाणी घालता आणि ते खायलाही येत नाही,' हा तिचा युक्तिवाद. रायगडात भाताच्या मागे कडवा वाल नुसत्या ओलीवर येतो, हे तिला सासऱ्यांनी दाखवलेले असते. तुम्हाला ते कोणी दाखवले नाही, कारण तुम्ही तेव्हा क्लासला होता. ओपन किचनला पडदा लागलेला असेल. डेकवर, जिथून सूर्यास्त पाहण्यासाठी तुम्ही चौरस फुटाचे जादा पैसे मोजलेत, तिथे आडवी दोरी आणि तिच्यावर लुगडी. छोट्या पोहण्याच्या तलावात गप्पी मासे. घाबरू नका. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून आशा सेविकेनेच ते सोडलेले असतात, आणि आईने तिला त्याबद्दल चहा-पोहे दिलेले असतात. त्या तलावात आजवर कोणी पोहले नव्हते, तेव्हा मासे हे त्याचे पहिलेच खरे लाभार्थी.

आई घरी सापडेलच असे नाही. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे, आणि आधारकार्ड आता कुठे ठेवायचे हे तिला पक्के कळले आहे. ती तालुक्याला गेली असेल. चष्म्याचा स्क्रू बसवायला, असे ती सांगेल.

अशा वेळी माणूस जरा दुखावतो. 'आमच्या फार्महाऊसचं काय करून ठेवलंस!' असे तोंडाशी येते. ते वाक्य उच्चारण्यापूर्वी एक छोटी कृती अवश्य करावी: सातबारा काढून पाहावा. वडिलांच्या मागे वारस नोंद झाली असेल तर खातेदारांत मुलांच्या बरोबरीने आईचेही नाव असते, कारण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात विधवेला मुलामुलींइतकाच वाटा आहे. नोंद झालीच नसेल तर तलाठ्याकडे जाऊन आधी ती करून घ्या. फार्महाऊसचे सोफे नंतर बदला. जमीन तुमच्या नावे करून द्यायला तिला सुचवणार असाल, तर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदाही वाचा. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, त्या कायद्याने परत मागता येते. गावच्या भजनी मंडळात एक निवृत्त शिरस्तेदार आहेत आणि त्यांना हे कलम पाठ आहे.

बिल्डर तीन वर्षांत ताबा देतो असे म्हणाला होता. समजा दिलाच, तरी नव्या फ्लॅटच्या चाव्या घेऊन आईला आणायला धावू नका. वाल काढायचा असतो, मग आंब्याची आढी, मग पावसाळ्याआधीची लाकडे भरायची. तुम्हाला खोली हवी असेल तर आधी फोन करा. शिमग्याला आणि गणपतीत माहेरची मंडळी येतात, तेव्हा मुलांना पडवीत झोपावे लागते. डास आहेत, मच्छरदाणी आपापली न्यावी.