दोनशे पाचवाले

प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक गृहस्थ उकिडवे बसलेले आढळतात. त्यांची किल्ली पडलेली नसते की कंबर धरलेली नसते. ते तुमच्या गाडीचा टायर वाचत असतात. "165/80 आर 14," असं मोठ्यांदा वाचून ते उठतात आणि तुमच्या खांद्यावर हात ठेवतात. "काका, अजून कंपनीच्याच टायरवर?"

त्यांची स्वतःची हॅचबॅकही याच मापाची आली होती. शोरूममधून निघाली ती थेट टायरवाल्याकडे. पूजा तिथेच झाली. चाकाखालचं लिंबू फुटलं, तेव्हा म्हणे ग्रिपमधला फरक जाणवला. आता 16 इंची अलॉयवर 205/50 चढवलेत. म्हणून आम्ही त्यांना दोनशे पाचवाले म्हणतो. त्यांना तो किताब वाटतो.

"165 म्हणजे रुंदी, मिलिमीटरात. 80 म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ऐंशी टक्के. म्हणजे 132 मिलिमीटरची रबरी भिंत! वळणावर आधी ती झुकणार, मग गाडी वळणार. माझी भिंत साडेएकशेदोन. स्टेअरिंग हलवलं की गाडी वळलीच."

हे सगळं खरं आहे, हीच तर पंचाईत. थापा मारणारा माणूस टाळता येतो. रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर, असं मी एकदा बोलून गेलो, तर एका मुंजीच्या पंगतीत त्यांनी माझ्या पानातली मसालेभाताची मूद दाबून आडवी केली. "भात वाढला का? नाही. टायरचंही तेच. हवेचा दाब तेवढाच, गाडीचं वजन तेवढंच, मग टेकणारा तुकडाही साधारण तेवढाच. फक्त आडवा पसरतो, लांबीला आखूड होतो. म्हणून वळताना कमी पिळवटतो आणि पकड लवकर धरतो." तूप वाढणारा माणूस तेवढ्यात पुढे निघून गेला.

2017 साली फॉर्म्युला वनने पुढचे टायर 245 वरून 305 आणि मागचे 325 वरून 405 मिलिमीटर केले, तेव्हा यांनी पेढे वाटले होते. 2026 च्या नियमांत ते पुन्हा थोडे अरुंद झाले, हे मी सांगायला गेलो आणि त्यांना नेमका फोन आला.

आता ही पकड वापरायची कुठे? रोजचा रस्ता कोथरूड ते हिंजवडी. त्यात वळण म्हणाल तर यू-टर्न. म्हणून रविवारी ताम्हिणी. तिथे मात्र गाडी खरोखर सुरेख वळते. मागे बसलेल्या त्यांच्या आईंना प्रत्येक वळण पोटात कळतं. पण पाऊस लागला की हेच गृहस्थ निम्म्या वेगावर येतात. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि नक्षी झिजलेली असेल तर तो पाण्यावर लवकर तरंगतो, हेही त्यांना पाठ आहे. ट्रकांनी चाकोऱ्या पाडलेल्या रस्त्यावर गाडी आपण होऊन चाकोरीत शिरू बघते, तेव्हा ते दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरतात आणि म्हणतात, "बघा, रस्ता कसा हाताशी बोलतो!" मोठी रिम जड, त्यामुळे अ‍ॅव्हरेज घसरलं, त्यावर उत्तर, "अ‍ॅव्हरेजच बघायचं तर एसटीनं जावं." रिम थोडी बाहेर आलेली आहे. पूर्ण स्टेअरिंग कापलं की टायर आतून मडगार्डला घासून खर्र वाजतो, आणि साहेब आले हे चौथ्या मजल्यापर्यंत कळतं.

माझं मत विचाराल तर त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी 185/65 आर 15 देते, तो घ्यावा. बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो, वळणावर फरक कळतो, आणि खड्ड्यासाठी भिंतही शिल्लक राहते. ड्रायव्हरचं दार उघडलं की मापांचा आणि हवेचा तक्ता तिथे चिकटवलेला असतो. रस्त्यात दिसेल तो टायर वाचणाऱ्या या माणसाने तेवढाच मजकूर वाचलेला नाही.

खड्डा शेवटी आलाच. काठ आणि रिम यांच्यात टायर चिमटला, आतले दोरे तुटले, आणि मागच्या डाव्या चाकाला लिंबाएवढा फुगा आला. "साहेब, हा रिपेअर होत नाही," टायरवाला म्हणाला. त्यांच्या मापाचा टायर मागवावा लागणार होता, म्हणून डिक्कीतली स्टेपनी काढली. ती अर्थात 165/80 आर 14, लोखंडी रिमवर. अजून रबराचे केसही न झिजलेली.

नवा टायर केव्हाच आलाय. अजून चढवलेला नाही, कारण त्यांच्या आई आता गाडीत डावीकडेच बसतात आणि तिथून हलायला तयार नाहीत.