घोरतंय कोण?

आमच्या घरात गेली एकतीस वर्षं एक खटला चालू आहे. फिर्यादी बायको, आरोपी मी, आरोप घोरण्याचा. माझा बचाव पहिल्यापासून एकच आहे: मी जागा असताना मला घोरण्याचा आवाज एकदाही आलेला नाही. मुलीला साक्षीला बोलावलं, तर ‘मला तुमच्या दोघांत ओढू नका’ म्हणून ती सासरी निघून गेली.

गेल्या पावसाळ्यात खटल्याला कलाटणी मिळाली. रात्री दोनच्या सुमारास बरगडीत नेहमीचं कोपर बसलं. “अहो, कुशीवर वळा.” मी खडबडून जागा झालो, तरी घर्रर्र चालूच! आम्ही दोघं अंधारात उठून बसलो. आवाज टेबलाखालून येत होता. सीपीयूचा.

(आमच्याकडे त्या उभ्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू आतमध्ये असतो आणि मारी बिस्किटाहूनही लहान असतो, हे मला पुढे कळलं. डब्याचं नाव त्यामुळे बदललं नाही.)

“बघ,” मी म्हणालो. त्या एका शब्दात एकतीस वर्षं होती.

बायको उठली, तिने माउस हलवला. स्क्रीन उजळला आणि दहा-पंधरा सेकंदांत आवाज विरून गेला. ती परत येऊन आडवी झाली. थोड्या वेळाने पुन्हा घर्रर्र.

“तुमच्यावरच गेलाय,” ती म्हणाली. “हात लावला की गप्प.”

आता हा बाबा रात्रभर चालू असतो, कारण बंद केला तर सकाळी उघडायला दहा मिनिटं घेतो. पण चालू असला तरी त्याला कुणी काम सांगितलेलं नसतं. मग बिनकामाचा एवढा दम का लागावा? हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल.” १९९६ साली विंडोज एनटी ४.० बरोबर आलेला हा हजेरीबुक सांभाळणारा हेडक्लार्क. कोण किती राबतंय, सगळं टक्क्यांत मांडतो. उघडला तेव्हा सीपीयूसमोर ९४ टक्के होते. मी चष्मा नीट करेपर्यंत ५. इन्स्पेक्शनला साहेब जिना चढताहेत म्हटल्यावर आमच्या बँकेत जे व्हायचं, तेच; फक्त उलटं. आमच्याकडे साहेब आले की काम सुरू व्हायचं.

मग मी माउसला न शिवता, हात मांडीवर ठेवून, पाळतीवर बसलो. लांबलचक यादी होती. आणि तिच्यात चोर सापडला: ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’, ९६ टक्के! एकटा एवढं खातोय! मी त्याच्यावर जाऊन एंड टास्क दाबलं. विंडोजने साफ नकार दिला. पुन्हा दाबलं. पुन्हा नकार. पुन्हा भाचा.

भाचा इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. “मामा, ती रिकामी वेळ आहे! ९६ टक्के म्हणजे ९६ टक्के आराम. काही काम नसलं की प्रोसेसरला ‘हॉल्ट’ अशी आज्ञा मिळते आणि पुढचं काम येईपर्यंत तो डुलकी काढतो.” विंडोज ९५ ला ही डुलकी देता येत नव्हती म्हणे. प्रोसेसर नुसताच जागच्या जागी पळत गरम व्हायचा, म्हणून लोक त्याला थंड करणारे छोटे प्रोग्राम वेगळे आणून टाकायचे. विश्रांती बाहेरून आणून बसवावी लागत होती! बँकेत मी तीस वर्षं जे केलं त्याला इतकं भारदस्त नाव कुणी दिलं असतं, तर मी मॅनेजर होऊन निवृत्त झालो असतो.

म्हणजे चोर दुसराच होता. भाच्याने आधी एक भयंकर शंका काढली: कुणी चोरून तुमच्या मशीनवर क्रिप्टोची नाणी पाडत असेल. असले काही प्रोग्राम टास्क मॅनेजर उघडला की लपून बसतात. बायकोने एवढंच विचारलं, “आत्तापर्यंत किती पडली?” मग तो म्हणाला, तुम्ही नसताना काम करायचं ही विंडोजची शिस्तच आहे. विंडोज १० मध्ये देखभालीची वेळ मुळातच रात्री दोनची. साफसफाई, तपासणी, फायलींची सूची, सगळं मालक झोपल्यावर. मालक आला की हातातलं खाली ठेवून गप्प. १९९९ मध्ये तर बर्कलीच्या विद्यापीठाने जगभरच्या लोकांचे रिकामे कॉम्प्युटर परग्रहावरचे रेडिओ संदेश शोधायला लावले होते. हे ऐकल्यावर मला आमच्या डब्याविषयी आदरच वाटायला लागला.

खरं सांगायचं तर मला तो दुरुस्त व्हायलाच नको होता. तीन आठवडे मी निर्दोष होतो. रात्री कसलाही आवाज आला की मी टेबलाकडे बोट दाखवत होतो. दुकानदाराने डबा न उघडताच “फॉरमॅट मारावा लागेल” म्हटलं, तेव्हा मी आनंदाने परत आलो. पण बायकोने परस्पर भाच्याला रविवारी जेवायला बोलावलं.

वरणभात-अळूवडी झाल्यावर त्याने डब्याचं झाकण काढलं. आत धूळ नव्हती, गोधडी होती. पंख्याखालच्या पत्र्यांच्या फटींत बुरणूस दाटून बसला होता, आणि कोपऱ्यात पालीच्या अंड्याची दोन रिकामी टरफलं. रंगाच्या ब्रशने त्याने सगळं झाडून काढलं. मग आत शिरून बघतो तर मी एकावर एक दोन अँटिव्हायरस टाकलेले. एक सुटला की दुसऱ्याला लागेल म्हणून. एका सोसायटीला दोन वॉचमन ठेवल्यासारखं झालं होतं: पहिल्याने फाईल उघडून तपासली की दुसरा, ही कुणी उघडली, म्हणून धावायचा, रात्रभर दोघे एकमेकांनाच अडवत होते. त्यात गणपती, बारसं आणि ‘शुभ सकाळ’ मिळून काही हजार फोटो. एक वॉचमन गेला, फोटोंचा फोल्डर सूचीतून वगळला. तास वाट बघितली. मशीन ३ टक्क्यांवर, आवाज नाही.

“मामा, आता शांत झोपा,” भाचा म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

त्या रात्री मी जमेल तितका जागा राहिलो. घर इतकं शांत होतं की फ्रिजचा आवाज येत होता. मग कधीतरी बरगडीत कोपर.

“अहो.”

“सीपीयू असेल,” मी म्हणालो. “रात्री दोनची देखभाल असते त्याची.”

ती काही बोलली नाही. अंधारात तिने माझ्या हातात काहीतरी ठेवलं. चाचपून बघितलं. वायर होती, तीन पिनांची.