निळी मटाडोर

अलिबागहून नागाव-रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जे जे लोखंडाचं आहे, ते ते सावकाश गेरूचं होत चाललं आहे. फाटकं, ग्रिलं, सायकली, दुकानांची शटरं. गंजाला इथे कोणी नावं ठेवत नाही. तो जुना रहिवासी, आपण नंतर आलो. अपवाद सांगायचाच तर अलिबागची चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाब्यातल्या चुंबकसुया बावचळणार, म्हणून १९०४ मध्ये ती इकडे हलवली आणि इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळलं. हेतू सुयांची दिशाभूल होऊ नये एवढाच. पण खाऱ्या वाऱ्याला खायला काही ठेवलं नाही, हा आयता फायदा.

आमच्या अंगणात मात्र त्याला खायला भरपूर होतं. बजाज टेम्पोने १९६९ पासून तीसेक वर्षं ज्या मटाडोर काढल्या, त्यांतली शेवटच्या काळातली एक नारळाखाली उभी होती. मटाडोर ठाऊक नाही असा पन्नाशीपुढचा मराठी माणूस विरळा. वऱ्हाड, क्रिकेटची टीम, नाटकाचं सामान, भाजी, सगळं तिच्यातून गेलं. इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच, झाकणाखाली. त्यामुळे थंडीत मधल्या जागेवर बसायला भांडणं आणि मे महिन्यात तीच जागा पाहुण्यांना. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून तिची राहती गाडी करायचं आमच्या घरात घाटत होतं. आत प्लायवूडचा दिवाण आला, दोन बर्नरची शेगडी आली, पडदे आले. बाहेरून ती अजून भंगारच दिसत होती. गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने गाडीभोवती श्रद्धेने एक प्रदक्षिणा घातली आणि रंगाऐवजी भंगाराचा भाव सांगितला.

तेव्हा घरीच, ब्रशने.

रंगकामात रंग फार उशिरा येतो. आधी खरवडणं. पिवळ्या रंगाखाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली लाल अक्षरांत ‘ब्रास बँ’ एवढं निघालं आणि पुढचा ‘ड’ पत्र्यासकट हातात आला. एकेकाळी ती नवरदेवापुढे वाजणाऱ्या मंडळींना घेऊन हिंडली होती तर! टपाच्या कडेची पन्हळ हे गंजाचं माहेर. पावसाचं पाणी तिथे थांबतं, पाणी वाळलं तरी मीठ राहतं, आणि मीठ हवेतली ओल ओढून पत्रा पुन्हा भिजवतं. म्हणजे पाऊस नसला तरी पन्हळीतला पावसाळा चालूच. तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवला की पापडासारखा आवाज येई. मग पत्र्याचे तुकडे, लांबी, पॉलिश पेपर, पुन्हा लांबी. हे सगळं झाल्यावर रेड ऑक्साइडचा हात. हे रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचं ऑक्साइड, गंजाचंच सख्खं भावंड. महिनाभर गंज काढायचा आणि मग दुकानातून डबाबंद गंज विकत आणून वर लावायचा, यातला विनोद आमच्या हिला पहिल्याच दिवशी कळला. “अहो, मग काढला कशाला?” या प्रश्नाला माझ्याकडे रसायनशास्त्राचं उत्तर होतं. ते तिने ऐकून घेतलं नाही.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते. एका मार्कासाठी पाठ केलेले हे वारे उतारवयात कामाला येतील असं वाटलं नव्हतं. हिवाळ्यात सकाळी पत्रा दवाने निथळत असतो. मतलई वाऱ्यात आणि उन्हात तो वाळेपर्यंत दहा वाजतात. दुपारी वारा फिरतो आणि समुद्रावरून बारीक वाळू, मीठ आणि ओल घेऊन येतो. मधल्या दोन-तीन तासांत काय तो ब्रश चालवायचा. ऑइलपेंटचं वाळणंही दुहेरी. आधी टर्पेंटाइन उडून जातं, तेव्हा बोटाला रंग लागत नाही आणि आपण खूश होतो. मग तेलाचा अंश हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होत राहतो. या मधल्या अवस्थेत जे येईल ते कायमचं वस्तीला. ड्रायव्हरच्या दारावर एक डास आहे. पंख पसरून, सुबक.

रंग कोणता, यावर घरात बराच खल झाला. हिला शेवाळी हवा होता. शेवाळी म्हणजे ऑलिव्हच्या फार जवळ, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ऑलिव्ह हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आमच्या मटाडोरला लष्कराची गाडी समजायला शत्रू फारच घाबरट हवा, पण नियम तो नियम. आरसी बुकातही नवा रंग चढवून घ्यावा लागतो, तेव्हा आरटीओतल्या माणसाला ज्याचं नाव लिहिता येईल असा रंग बरा. दुकानात गेलो. लहानपणी रंगाच्या दुकानाबाहेर आर. के. लक्ष्मण यांचा गट्टू असायचा, हातात ब्रश आणि डबा, कपाळावर झुलूप. १९५४ साली काढलेला हा पोरगा पाहिला की रंग देणं पोरखेळ वाटायचं, हीच त्याची लबाडी. आता गट्टू नव्हता, शेड कार्ड होतं आणि त्यात शेकडो रंग होते. पण लगेच मिळणारा, ताजा, भरपूर, असा एकच: होड्यांचा निळा.

शेजारचा तांडेल कुंपणावरून डोकावला तो हा निळा पाहूनच. तोवर त्याला माझ्या उद्योगात रस नव्हता. “काय भाऊ, होरी कवा टाकताव पान्यान?” असं म्हणून तो आत आला, ब्रश माझ्या हातातून घेतला, आणि दाराचा खालचा पट्टा त्याने ज्या सहजतेने ओढला ती बघत बसलो. रंग थोडाच घ्यायचा, आडवा पसरायचा, मग ब्रशच्या नुसत्या टोकाने एकाच दिशेने वरून खाली; ओली कड वाळू द्यायची नाही आणि मागे वळून डागडुजी करायची नाही. माझ्या बाजूला ओघळ, त्याच्या बाजूला आरसा.

मुंबईचे पाहुणे विचारतात, स्प्रे का नाही केलात, कायमचं काम झालं असतं. तांडेलाला हा प्रश्नच कळला नाही. एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. नारळी पौर्णिमेच्या आत त्यांना दरसाल नवा रंग. त्याच्या आज्याने दिला, बापाने दिला, तो देतो. रंग टिकावा म्हणून द्यायचाच नसतो मुळी. वाऱ्याला काहीतरी खायला लागतं. तो रंग खाईल तेवढे दिवस फळी शाबूत. हे ऐकल्यावर मी ओघळांचा नाद सोडला. जे वाऱ्याच्याच पोटात जाणार, त्याला पॉलिश पेपर किती घासायचा? स्प्रेचं काम चकचकीत होतं हे खरं, पण टवका उडाला की गॅरेजकडे धावावं लागतं. ब्रशच्या कामाला रॉकेलच्या डब्यातला ब्रश आणि उरलेला पाव लिटर पुरतो.

खिडक्यांखाली पांढरा पट्टा आणि त्यावर लाल रेघ ही तांडेलाची भर. निळं म्हणजे पांढरं-लाल हवंच, असं त्याचं म्हणणं; विचारलं कोणी नव्हतं. पुढे नाव घालायचाही त्याचा आग्रह होता, देवीचं. तो वाद अजून मिटलेला नाही.

पहिली फेरी मुरुडची ठरली. रेवदंड्याच्या पुलावरून कुंडलिका ओलांडून साळावला उतरलो आणि काशीदच्या सुरूंच्या सावलीत चहासाठी थांबलो. शेगडी पेटली, मागचं दार उघडं, पडदा वाऱ्यावर. मुक्कामाला आलेल्या एक बाई पिशवी घेऊन थेट दारापाशी आल्या, त्यांनी आत दिवाणाकडे, मग खालच्या बर्फाच्या पेटीकडे पाहिलं आणि विचारलं, “पापलेट कसं दिलं?”

हिने चहा गाळता गाळता सांगितलं, “आज नाही हो ताई. उद्या सकाळी लवकर या.”