एका वर्षाचे दोन हिशेब

प्रति,
'रूकी ऑफ द इयर' पुरस्काराचे नियम सांभाळणारे मान्यवर,
नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, न्यूयॉर्क



पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले आहेत. इकडे भारतात आपले सामने पहाटे पाच-साडेपाचला सुरू होतात. ते पाहायला अंथरूण सोडून उठणाऱ्या माझ्यासारख्यांवर आपले फार उपकार आहेत. ते चारचौघांत मोजावेत असे वाटले, म्हणून हे पत्र उघडे लिहीत आहे.

पहिले आभार बेन सिमन्सच्या उजव्या पायासाठी. जून 2016 मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर घेतले. 30 सप्टेंबरला, सराव शिबिराच्या शेवटी, पाय मुरगळला, करंगळीकडचे हाड मोडले आणि अख्खा हंगाम गेला. वीस वर्षांच्या पोरावर फार वाईट वेळ होती ती. आपले मन इतके मोठे, की त्याचे ते वर्ष आपण वहीतून पुसूनच टाकलेत. ऑक्टोबर 2017 मध्ये तो कोर्टवर उतरला तेव्हा आपल्या लेखी तो कोरा करकरीत नवखा, म्हणजे 'रूकी', होता.

दुसरे आभार, तेच वर्ष दुसऱ्या वहीत जपून ठेवल्याबद्दल. सिमन्सचा पहिला करार चार वर्षांचा, आणि त्यातले पहिले वर्ष धरले गेले 2016-17. अशा करारावरच्या खेळाडूला तीन वर्षे भरल्याशिवाय करारवाढ मिळत नाही. सिमन्सने ती जुलै 2019 मध्ये घेतली, पाच वर्षांची, सुमारे 17 कोटी डॉलरची. तोवर तो खेळला होता दोनच हंगाम. कराराच्या खात्यात ते वर्ष जमा, पुरस्काराच्या खात्यात तेच वर्ष निरंक! दोन्ही वह्या आपल्याच कारभारातल्या, म्हणून हात जोडून विचारतो: 2016-17 मध्ये बेन सिमन्स व्यावसायिक खेळाडू होता की नव्हता?

आता डोनोव्हन मिचेलच्या वतीनेही आभार मानतो, कारण त्याने ते मानले असतील असे वाटत नाही.

पाय मोडण्याआधी, जुलै 2016 मध्ये, सिमन्स फिलाडेल्फियाचा गणवेश घालून सॉल्ट लेक सिटीत समर लीग खेळून गेला होता. पुढे त्याच शहराच्या युटा जॅझकडून खेळलेला मिचेल तेव्हा लुईव्हिलच्या कॉलेजात शिकत होता. दोघे वयाने सारखेच, 1996 सालचे. पण एक पगारपत्रकावर आणि दुसरा वर्गात. 2017 च्या ड्राफ्टमध्ये मिचेलचे नाव तेराव्या क्रमांकावर पुकारले गेले. त्याच उन्हाळ्यात जॅझचा मुख्य खेळाडू गॉर्डन हेवर्ड बॉस्टनला निघून गेला आणि सगळा भार या पोरावर आला. त्याने तो उचलला. सामन्यामागे 20.5 गुण. तीन गुणांचे 187 बास्केट, तोवर कुठल्याही रूकीने केले नव्हते इतके. 48 विजय मिळवून जॅझ प्लेऑफमध्ये.

एवढे करून एप्रिल 2018 मध्ये त्याला शब्दकोशातली 'रूकी'ची व्याख्या छापलेला हुडी अंगात घालून यावे लागले. एकवीस वर्षांच्या मुलाला जे कळत होते ते आपल्याला छातीवर छापून दाखवावे लागले, आणि तरीही आपण वाचले नाही. पहिल्या क्रमांकाच्या 101 मतांपैकी 90 सिमन्सला, 11 मिचेलला. मत देणाऱ्यांना मी दोष देत नाही. सिमन्सचे नाव त्यांच्यापुढे आपल्या नियमाने ठेवले होते. सिमन्सच्या खेळाशीही माझे भांडण नाही. 15.8 गुण, 8.1 रिबाउंड, 8.2 असिस्ट ही कामगिरी थोर आहे. पण ती नवख्याची नाही.

आजारपणात परीक्षा बुडालेल्या मुलाला आमच्याकडे कुणी नापास म्हणत नाही. त्याला पुन्हा त्या वर्गात बसवतात, सांभाळून घेतात, आणि ते योग्यच आहे. पण वर्षभर त्याच मास्तरांपुढे बसलेल्या त्या मुलाला, यंदाच वर्गात आलेल्यांमध्ये पहिला आला म्हणून बक्षीस दिले, तर पालक शाळेत जाऊन जाब विचारतील.

हे आपल्याकडून पहिल्यांदा झाले असते तर मी लिहिले नसते. ब्लेक ग्रिफिन 2009 च्या ड्राफ्टमध्ये पहिला, गुडघ्याची वाटी मोडली, वर्ष गेले. 2010-11 मध्ये पहिल्या क्रमांकाची सगळी मते त्याला. 2010 च्या ड्राफ्टमध्ये पहिला आलेल्या जॉन वॉलला एकही नाही. चेट होल्मग्रेनचेही पहिले वर्ष असेच दुखापतीत गेले, फक्त 2024 मध्ये पुरस्कार वेम्बान्यामाने जिंकला म्हणून प्रश्न झाकला गेला.

लॅरी बर्डचा दाखला कृपा करून देऊ नका. 1978 च्या ड्राफ्टनंतर तो वर्षभर इंडियाना स्टेटमध्येच, कॉलेजच्या संघात खेळत राहिला. 1980 चा पुरस्कार त्याचा हक्काचा होता.

आपल्याकडून फार मागत नाही. 1995 मध्ये ग्रँट हिल आणि जेसन किड, 2000 मध्ये एल्टन ब्रँड आणि स्टीव्ह फ्रान्सिस यांना हा मान आपण विभागून दिला आहे. एका वर्षी दोघांचा गौरव करायला आपल्याला जड जात नाही. मग दुखापतीतून उठून उशिरा उतरणाऱ्यासाठी पदार्पणाचा वेगळा पुरस्कार ठेवा. त्याच्या सोसण्याची खरी कदर त्यातच आहे. आणि रूकी त्यालाच म्हणा, ज्याच्या कराराचे पहिले वर्ष चालू आहे.

2018 चा निकाल आपण बदलणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहून ठेवतो: त्या वर्षीचा रूकी ऑफ द इयर डोनोव्हन मिचेल होता.

आपला नम्र,
पहाटेचा एक प्रेक्षक