हसा, दार उघडेल

बीजिंगमधल्या ‘कॅनन’च्या एका उपकंपनीने कॅमेरे असे बसवले, की हसल्याशिवाय दार उघडेना. 2021 मध्ये त्याची जगभर बातमी झाली. पगार वाढवण्यापेक्षा हे स्वस्त पडत असावे! चेहऱ्यावरून मन ओळखण्याच्या दाव्याला शास्त्राचा आधार कच्चाच. मायक्रोसॉफ्टनेही 2022 मध्ये आपली भावना ओळखणारी सेवा गुंडाळायला घेतली. युरोपीय संघाने फेब्रुवारी 2025 पासून कचेऱ्या आणि शाळांत असल्या यंत्रणांना मनाई केली. उपचार आणि सुरक्षितता एवढेच अपवाद. (आता साहेबलोकांना कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचा भलताच कळवळा येईल.) आपल्याकडच्या 2023 च्या विदा संरक्षण कायद्याने तर नोकरीशी संबंधित कारणांसाठी मालकाला संमती मागण्याचीही तोशीस ठेवलेली नाही. तक्रार करायची असेल, तर चेहरा प्रसन्न ठेवून करा.