तारखेप्रमाणे शहाणपण

ज्याला शहाणपण कमी पडतं त्याने देवाकडे मागावं, तो बोल न लावता देतो, असं याकोबाच्या पत्रात आहे. घरच्यांबद्दल याकोबाने काही लिहिलेलं नाही.

नीतिसूत्रांचे अध्याय 31. तेव्हा रोज तारखेचा अध्याय वाचावा, असं आमच्या पाळकसाहेबांनी सुचवलं. मला पटलं, खूण ठेवायची भानगड नाही. एक फेब्रुवारीला सुरुवात केली.

सहा तारखेला आळशाला मुंगीकडे पाठवलंय. आमच्याकडे ती साखरेच्या डब्यातच भेटली. झाकण कोणी उघडं टाकलं, यावर अध्यायात अवाक्षर नाही.

खरी पंचाईत 26ला. मूर्खाच्या तोंडी लागू नये, हे चौथं वचन. लागावं, हे पाचवं. त्याच दिवशी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहभोजनाला मटण की चिकन यावरून जुंपली. चौथ्याला जागून मी दोन तास गप्प बसलो. मग पाचव्याला जागलो. लगेच चौथं आठवून मेसेज पुसला, तर ‘काय लिहिलं होतंत?’ म्हणून नऊ जणांचे फोन.

भल्या पहाटे मोठ्याने दिलेला आशीर्वाद शापात जमा होतो, हे 27ला कळलं. खालच्या मजल्यावरच्या मामांना मी सहा वर्षं रोज साडेपाचला गॅलरीतून ‘सलाम, मामा!’ घालतोय. ते उत्तर देत नाहीत. मला वाटायचं, कमी ऐकू येतं.

28ला मी पुस्तक मिटलं.

"आणि एकतिसावा?" हिने विचारलं.

"तो मार्चात."

"वर्षातून सातच वेळा येतो तो. मोजलंय मी."

सद्गुणी स्त्रीचा अध्याय तो. 31 मार्चला ही भाजी निवडत समोर बसली. ती बाई रात्र सरायच्या आत उठते, घरादाराला जेवू घालते, शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, तिचा दिवा रात्री विझत नाही. आणि नवरा? तो तिच्यावर भरवसा ठेवतो, तिची स्तुती करतो आणि वेशीत वडीलधाऱ्यांबरोबर बसतो. बस्स, एवढंच. मी पुढेमागे चाळून पाहिलं. उपासनेनंतर चर्चच्या फाटकाशी पंचांबरोबर पाऊण तास कोण उभं असतं, हे तिने विचारलं नाही.

नीतिसूत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या शलमोनाने देवाकडे धन नाही, शहाणपण मागितलं. पुढे 700 बायका केल्या. एवढ्या घरांतून हा अध्याय कोणी वाचून दाखवला असेल, कोण जाणे.

"म्हणजे तुमचं काम तुम्ही चोख करताय की," भाजीचं ताट उचलत ही म्हणाली. "बसा वेशीत. जाताना साखरेचं झाकण तेवढं लावा."